चांदीची पालखी आणि माझं लंडनचं नाणं

सांगणार नव्हतो. हा विषय निघाला की मी चहाचा कप उचलून सरळ मागीलदारी जाऊन बसतो. पण तुम्ही आमच्या गावाकडे आलाच आहात, तेव्हा कोणी ना कोणी पाच मिनिटांत तुम्हाला हे सांगणारच. मग माझ्याच तोंडून ऐका की! निदान मी स्वतःची थोडी बाजू तरी घेईन.

मी आयुष्यात एक पुस्तक अर्धं वाचलं, आणि त्या अर्ध्या पुस्तकाच्या जोरावर अख्ख्या गावाला कामाला लावलं. झालं ते एवढंच.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आमचा जिल्हा रत्नागिरीतून नुकताच वेगळा झालेला. मिठबावपासून दोन-तीन मैलांवर आमचं गाव, आणि मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. एकदा शाळेचं कपाट आवरताना मला जुन्या नाण्यांवरचं एक पुस्तक सापडलं. पुस्तकाचे दोन भाग. पहिल्यात नाण्याचा धातू कसा ओळखावा ते, आणि दुसऱ्यात संग्राहक लोक नाण्याची किंमत कशी करतात ते.

पहिला भाग शाबूत होता. दुसऱ्याची वाळवीनं माती केली होती. अनुक्रमणिकेत प्रकरणांची नावं तेवढी शिल्लक होती.

आता शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं? अनुक्रमणिका पाठ केली!

झालं, मी तज्ज्ञ झालो. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून खिशात ठेवू लागलो. कोणाच्या घरी गेलो की पाण्याचा तांब्या पुढे यायच्या आधी माझा प्रश्न, "जुनं नाणं आहे का घरात?" राणीछाप रुपया हातात घेऊन फरशीवर वाजवायचा, डोळे मिटून कान द्यायचा, आणि "हं!" म्हणायचं. त्या "हं"चा अर्थ मला तरी कुठे माहीत होता? पण लोक मान हलवायचे.

आणि का नाही हलवणार? आमच्या घरात नाणंच तसं होतं ना! देवघरातल्या तांब्याच्या डबीत ठेवलेलं. माझे पणजोबा गोऱ्या साहेबाच्या बोटीवर होते. भर वादळात त्यांनी सुकाणू धरलं, बोट वाचवली, आणि कप्तानानं खूश होऊन स्वतःच्या हातानं त्यांना हे नाणं दिलं. वर नांगर, त्याला गुंडाळलेला दोर, डोक्यावर मुकुट. मागे इंग्रजी अक्षरं, बरीचशी झिजलेली, पण 'लंडन' स्पष्ट वाचता यायचं. म्हणजे थेट लंडनच्या टांकसाळीतलं! त्यावर राजाचं डोकं नव्हतं की किंमत लिहिलेली नव्हती. मी त्याचाही अर्थ लावला होता. ज्याचं मोलच होऊ शकत नाही त्यावर किंमत कशाला घालतील? मागे मधोमध एक बारीक उंचवटा होता, ती टांकसाळीची खूण. शिवाय शंभर वर्षांत ते कधी काळं पडलं नव्हतं. याला म्हणतात चांदी!

त्या वर्षी गणपतीनंतर देवळात गावाची बैठक बसली. ग्रामदेवाच्या लाकडी पालखीला चांदीचा पत्रा चढवायचा, तोही दसऱ्याच्या आत, असं ठरलं. घराघरातून एकेक जुना चांदीचा रुपया गोळा करायचा.

"पन खरी चांदी खंयची नि खोटी खंयची, ता बगतलो कोण?" भिकाजीदादांनी विचारलं. दादा गावचे पहिले मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांचा, पहिला शब्दही त्यांचाच.

सगळ्यांनी आबा सोनाराकडे पाहिलं. आबा सत्तरीचे. कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली की धातूची कुंडली मांडणारे. ते काही बोलणार तेवढ्यात मी खाकरलो.

बैठकीत मी नेहमी पुस्तकी बोलतो. वजन पडतं. म्हणालो, "आबा धातू ओळखतील हो. पण त्यात एखादं दुर्मीळ नाणं निघालं तर? ते पण मुशीत घालणार? मुंबईत असे संग्राहक आहेत की एका नाण्याच्या बदल्यात दसपट चांदीचे पैसे मोजतील!"

"धापट?" कोणीतरी मागून ओरडलं.

"निदान!" मी म्हटलं.

बस्स. पारख करायला माझी नेमणूक झाली. दुर्मीळ नाणी विकायची, साधी वितळवायची. आणि जे नाणं सर्वांत मोलाचं ठरेल ते ना विकायचं, ना वितळवायचं. ते पालखीच्या दर्शनी बाजूला मधोमध जडवायचं, आणि मान त्या घराचा. ही शेवटची सूचना कोणाची होती, हे तुम्ही ओळखलंच असेल. मला तर आमचा नांगर पालखीवर दिसायलाही लागला होता.

घरी येऊन मी डबी उघडली. आई चुलीपुढून म्हणाली, "ह्या भायर काडू नको रे झिला. आसा थंय ऱ्हवांदे."

"आई, अगं आपल्या घराण्याचं नाव होईल!"

"नाव आसा ता बरा आसा," ती म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

मला वाटलं, म्हातारीचा जीव अडकलाय नाण्यात.

रविवारी देवळाच्या मंडपात चटई अंथरून मी बसलो. तीन ढीग करायचे होते, चांदी, भेसळ आणि दुर्मीळ. पहिला मान दादांचा, म्हणून पहिलं नाणंही त्यांचं. "माज्या आज्यान ठेयलेलो रुपयो," असं म्हणून त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

मी चुंबक पुढे केला. टक्! रुपया चिकटला.

"दादा, हे निकेल आहे. सत्तेचाळीस सालचं."

"म्हंजे?"

"म्हणजे यात चांदी नाही."

"माज्या आज्यान ठेयलेल्या रुपयात चांदी नाय?"

आता इथे तोंड मिटायचं ना! पण मी मास्तर. उलटतपासणीची सवय. "तुमचे आजोबा कधी वारले, दादा?"

"चाळीसात."

"मग सत्तेचाळीसचा रुपया त्यांनी कसा ठेवला?"

दादांनी रुपया खिशात टाकला, उपरणं झटकलं आणि निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. अगदी अडलंच तर मी समोर असताना भिंतीला सांगायचे.

पण त्याचा परिणाम भलताच झाला. धातूची पारख राहिली बाजूला, ही घराण्यांची पारख होऊन बसली! आपलं नाणं वितळवायच्या ढिगात जावं हे कोणालाच मान्य नव्हतं.

"आमचा कित्याक वितळवतास? आमचो आजो काय हलको होतो?"

"शेजाऱ्याचा दुर्मीळ, आनि आमचा भंगार? दोगांचाय राणीछाप ना?"

मग एका घरून फणसाचे तळलेले गरे आले. दुसऱ्या घरून ताजे बांगडे आले. मी काही लाचखाऊ नाही हो! पण बांगडे खाल्ल्यावर मला त्या नाण्याच्या कडेवर एक वेगळीच खूण दिसली, हेही खरं. चार दिवसांत दुर्मीळचा ढीग सगळ्यांत उंच झाला. एवढी दुर्मीळ नाणी तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्याच गावात नसतील.

आबा सोनार रोज येऊन खांबाला टेकून बसायचे, पान खायचे आणि बघायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

फक्त एकदा बोलले. जानकीकाकी आली होती तेव्हा. काकी एकटी राहायची, माहेर गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याचं. पदराची गाठ सोडून तिनं आईची आठवण म्हणून जपलेलं एक नाणं काढलं. कोळशासारखं काळं. त्यावर कोणा परक्या राजाचं डोकं आणि गोव्याकडची पोर्तुगीज अक्षरं.

"माज्या आवशीन लग्नात दिलेला," काकी म्हणाली. "माका दुर्मीळ नको नि फिर्मीळ नको. देवाक पावला म्हंजे झाला."

चुंबकाला ते चिकटलं नाही. पण एवढं काळं? मी भेसळीच्या ढिगात ठेवलं.

"मास्तरानू," आबा खांबाजवळून म्हणाले, "चांदी काळी पडता. जी कदी काळीच पडणा नाय, तिचो इस्वास धरू नये."

मी हसलो. आमच्या डबीतलं नाणं यांनी बघितलेलं नाही, म्हणून असं बोलतायत, असं मला वाटलं.

मग मी मुंबईच्या एका संग्राहकाला पत्र टाकलं. पत्ता वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून मिळाला होता. 'अतिदुर्मीळ नाण्यांचा प्रचंड साठा' असं मी लिहिलं. पोस्टकार्डानं उत्तर आलं की गृहस्थ गोव्याला निघालेत, वाटेत अमुक दिवशी दुपारच्या एसटीनं उतरतील.

आता मला काळजी लागली. नाणी बघितली तर सगळी कळकट! कोणी हळदीत ठेवलेली, कोणी पेटीच्या तळाशी. मुंबईचा माणूस काय म्हणेल? आणि मला एकदम अनुक्रमणिका आठवली. दुसऱ्या भागातलं तिसरं प्रकरण, 'नाण्यांची स्वच्छता'! प्रकरण वाळवीच्या पोटात होतं, पण नावावरून कळत नाही का? संग्राहकांना स्वच्छता लागते, एरवी त्यावर अख्खं प्रकरण कशाला लिहितील?

संग्राहक यायचे त्या दिवशी सकाळी मी गावात निरोप दिला. सगळ्या बायका देवळाच्या विहिरीवर जमल्या. चुलीतली राख आणली, कोकमाची सोलं आणली, नारळाचा काथ्या आणला. पितळेची समई घासतात तशी नाणी घासायला सुरुवात झाली. मी मधे उभा राहून सूचना करत होतो, "अजून घासा! राणीच्या गालावरचा डाग गेला पाहिजे!" राणीच्या गालावरचा डाग गेला. थोडा गालही गेला.

जानकीकाकीचं नाणं मात्र मी स्वतः घेतलं. म्हटलं, देवाला द्यायचंय बिचारीला, निदान दिसायला तरी बरं होऊ दे. हाताची सालं निघेपर्यंत घासलं. काळं नाणं पांढरंशुभ्र झालं. काकीनं हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"माज्या आवशीचा ह्याच काय रे?" तिनं विचारलं.

घासलं नाही ते फक्त आमचं. ते मुळातच लखलखीत.

दुपारी साहेब आले. बारीक अंगाचे, सोनेरी काडीचा चष्मा, जवळ एक भिंग. सगळा गाव मंडपात. दादासुद्धा होते, भिंतीकडे तोंड करून. साहेबांनी पांढरा रुमाल पसरला आणि मी पहिली मूठभर नाणी त्यावर ओतली. काय चमकली म्हणून सांगू! मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो हळूहळू उतरत गेला.

"ही कोणी घासली?"

मी छाती काढून म्हणालो, "मी! म्हणजे, माझ्या देखरेखीखाली."

"सगळी?"

"एकूण एक!"

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, जुनं नाणं कधी घासत नाहीत हो. घासलं की संपलं. आता ही नुसती चांदी आहे. तराजूत टाका आणि वितळवा."

"पण पुस्तकात प्रकरण होतं," मी म्हणालो. "नाण्यांची स्वच्छता!"

"असतं ना. त्यात एकच गोष्ट सांगितलेली असते, करू नये म्हणून."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी आणखी दोन-चार नाणी चाळली आणि एका नाण्यापाशी थांबले. भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. ते जानकीकाकीचं होतं.

"हे आधी कसं होतं?"

"काळा," काकी म्हणाली. "माज्या आवशीपासून काळाच."

साहेबांनी नुसता सुस्कारा सोडला. "बाई, हे नाणं शोधायला मी गोव्याला चाललोय. हे काळं असतं ना, तर मी दोन्ही हातांनी पैसे दिले असते. नुसता कोणी हात लावला नसता तरी पुरे होतं."

सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांना अजून राख होती.

आता शहाणा माणूस इथे तरी थांबला असता की नाही? पण मला वाटलं, एक पत्ता शिल्लक आहे. गेलेली अब्रू एका डावात परत येईल. मी खिशातून डबी काढली, उघडली, आणि आमचं नाणं रुमालाच्या मधोमध ठेवलं.

"हे बघा साहेब. हे घासलेलं नाही. पणजोबांना कप्तानानं दिलेलं. लंडनच्या टांकसाळीतलं!"

साहेबांनी ते उचललं. नांगर बघितला. उलटवलं. मागच्या अक्षरांवर भिंग धरलं. मग माझ्याकडे बघितलं. फार सज्जन माणूस हो, आवाज खाली करून म्हणाले, "आपण जरा बाजूला बोलूया का?"

"बाजूला कशाला? सगळ्यांसमोर सांगा!"

हे माझे शब्द. माझे स्वतःचे!

"मास्तर, हे बटण आहे."

"काय?"

"बोटीवरच्या साहेबाच्या कोटाचं बटण. मागे हा उंचवटा आहे ना, इथे दोरा ओवायची कडी होती. कोणीतरी ती कानशीनं घासून काढली आहे."

"पण लंडन? मागे लंडन लिहिलंय!"

"हो, लंडनच्याच शिंप्याचं नाव आहे."

मी आईकडे वळलो. म्हटलं, ही तरी सांगेल, वादळ, सुकाणू, कप्तान! आई बायकांत बसली होती. तिनं कपाळाला हात लावला.

"तरी तुका सांगी होतंय, भायर काडू नको म्हणान! तू जन्माक येवच्या आदी तुज्या बापाशीन आबांका दाखयलेल्यान. आबांनी तेवाच सांगल्यानी, बटन आसा म्हणान. तुजो पणजो बोटीर सायबाचे कपडे धुय. धुताना सुटला ता घराक घेवन इलो."

"आणि वादळ?"

"ता तुज्या आज्यान गोष्टीत मागसून घातल्यान."

मंडपात जे काही झालं ते मी सांगत नाही. भिकाजीदादा एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी आबांकडे बघितलं. एवढे दिवस खांबाला टेकून बसलेला हा माणूस, एका शब्दानं मला तिथल्या तिथे झोपवू शकला असता. ते पान चघळत म्हणाले, "तुज्या बापाशीक शब्द दिललंय, कोणाक सांगूचंय नाय म्हणान." खरं सांगतो, तेव्हा मला रडू आलं. चूक माझी, आणि ती झाकत बसले होते दुसरेच लोक. त्यातले माझे वडील तर या जगातही नव्हते.

साहेब संध्याकाळच्या एसटीनं गोव्याला गेले. जाताना बटण मात्र प्रेमानं परत दिलं. म्हणाले, "जपून ठेवा, कडी असती तर निदान कोटाला तरी लावता आलं असतं."

पण गंमत बघा. एवढ्या गोंधळातून गावाचं भलंच झालं. सगळी नाणी सारखी ठरली. दुर्मीळ कोणी नाही, हलकं कोणी नाही. भांडायला कारणच उरलं नाही. आबांनी जानकीकाकीचं सोडून बाकीची सगळी एका मुशीत घातली, दादांनी निकेलच्या बदल्यात घरातला चांदीचा पेला आणून दिला, आणि दसऱ्याच्या आधी पालखीवर पत्रा चढला. दर्शनी बाजूला मधोमध काकीचं नाणं बसवलं. ते विकायची सोय मी ठेवली नव्हती, त्यामुळे देवाला जायचं होतं ते देवालाच गेलं. काकी पालखीपुढे उभी राहून नुसती बघत राहिली. मी जाऊन तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "आता बरा दिसता रे, पन वळखूक येना नाय."

दसऱ्याला पालखी सजून बाहेर आली. सगळा गाव देवळापुढे हात जोडून उभा. गाऱ्हाणं घालायचा मान दादांचा. ते माझ्याशी अजून बोलत नव्हते, पण देवाशी बोलायला त्यांना कोण अडवणार?

"बा देवा म्हाराजा! तुज्या लेकरांनी घराघरातली चांदी तुका व्हायली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला.

"सेवेत काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं संपलं. दादांनी घसा साफ केला.

"आनि आमच्या शाळेचो मास्तर आसा, जो आमच्या पोरांका शानी करता! त्येका नाणा खंयचा आनि बटन खंयचा, तेवडा वळखूची बुद्दी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

असा आवाज त्या देवळात आधी कधी उठला नव्हता. त्यातला सर्वांत मोठा आवाज माझ्या अगदी पाठीमागून आला. वळून बघितलं तर आमची आई, डोळे मिटून, मनापासून! आता देवापुढे उभं राहून मी एकटा गप्प कसा राहणार? मीही हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

पुढे दादा गेले, त्यांचा मुलगा गाऱ्हाणं घालू लागला. त्यानं बापाची सगळी गाऱ्हाणी जशीच्या तशी पाठ केलेली. मी निवृत्त झालो तरी ती ओळ दरवर्षी असतेच. मध्ये एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, आता तरी काढ ती." तर तो म्हणतो कसा, "काडली आसती मास्तरानू, पन देवान अजून आयकूक नाय ना!"